चाकांवरच्या घरात जागं कोण राहतं?

रात्रीचे दीड-दोन वाजलेत. पुण्याहून निघालेली स्लीपर बस ढाब्यावरचा थांबा आटोपून पुन्हा रस्त्याला लागलीय. मी वरच्या बर्थवर पडदा ओढून आडवी झालेय आणि मोबाईलवर बघतेय काय, तर बसमध्येच राहणाऱ्या एका कुटुंबाचा व्हिडिओ. परदेशातली शाळेची जुनी बस. सीट काढून टाकल्यात, खाली लाकडी फळ्या बसवल्यात, छोटासा ओटा, मागे पोरांसाठी एकावर एक पलंग, टपावर सोलर पॅनल. आई-बाप, अर्धा डझन पोरं आणि एक कुत्रा. घरभाडं नाही, शेजारी नाहीत, रोज नवं अंगण. मैत्रिणीने लिंक पाठवताना खाली लिहिलं होतं, 'आयुष्य असावं तर असं.'

मला हे व्हिडिओ आवडतात, हे आधीच कबूल करते. एवढ्याशा जागेत आठ माणसांचे कपडे कुठे ठेवले असतील, हे बघायला कुणाला आवडणार नाही? पण बरेच बघितल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. हे सगळे व्हिडिओ दिवसाचे असतात. दार उघडतं, ऊन आत येतं, आई स्वयंपाकघर दाखवते, पोरं पलंगावरून हात हलवतात, शेवटी सगळे डोंगराकडे बघत चहा-कॉफी पितात. फार तर संध्याकाळची शेकोटी असते. रात्रीचे तीन कुठेच वाजत नाहीत. अनोळखी गावाबाहेर बस उभी आहे, पोरं झोपलीत आणि बाहेर कुणाची तरी पावलं वाजतायत, हे दृश्य मला एकाही व्हिडिओत भेटलं नाही.

म्हणून चाकांवरच्या घराची कुठलीही गोष्ट समोर आली, मग तो व्हिडिओ असो, सिनेमा असो की पुस्तक, मी तिला आता एकच प्रश्न विचारते: यात निवांत झोपतं कोण, आणि जागं कोण राहतं? घराला भिंती किती, त्याला चाकं आहेत की पाया, या गोष्टी नंतरच्या. बिनघोर डोळे मिटता येतात ते घर. आणि कुणीतरी एक जण उघड्या डोळ्यांनी बसलेलं असतं, म्हणून बाकीच्यांना डोळे मिटता येतात. गोष्ट सांगणाऱ्याला हे जागं माणूस दिसलं की नाही, यावर ती गोष्ट किती खरी ते ठरतं, असं मला वाटतं.

हा प्रश्न मला समीक्षेच्या पुस्तकातून मिळालेला नाही, आजीकडून मिळालाय.

आमची बस

आमचं गाव बुलडाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात. मी सहावीत गेले त्या वर्षी, अक्षय तृतीया झाल्यावर आणि पेरणीच्या आधी, आमची भावकी काशीला निघाली. लहान-मोठी मिळून तेवीस माणसं. गावातल्या एकाची जुनी बस होती, एरवी लग्नाची वऱ्हाडं न्यायची. तिच्या मागच्या अर्ध्या भागातल्या सीट काढल्या, खाली पोती अंथरली, पोत्यांवर सतरंज्या. टपावर पाण्याचे ड्रम, ज्वारीच्या पिठाचं पोतं, परात, तवा, भगोणी. सिलिंडर आणि शेगडी आत, दारामागे. याला कुणी 'कन्व्हर्टेड बस' म्हणतं, हे आम्हाला माहीत असायचं काही कारणच नव्हतं. आमच्यासाठी ती 'गाडी' होती.

चिखली, बुलडाणा, मग राजूर घाट उतरून मलकापूर, तिथून बऱ्हाणपूर, ओंकारेश्वर, उज्जैन, प्रयाग, काशी. सतरा दिवस. मला आठवतात ते रस्त्याकडेच्या झाडाखाली तीन विटांवर पेटवलेले जाळ, पिठलं-भाकरी आणि ठेचा, आणि रात्री सतरंजीवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली आम्ही नऊ पोरं. एवढं गाढ मी नंतर कधी झोपले नाही.

त्या सतरा दिवसांत आजी झोपलेली मात्र मला आठवत नाही. ती पुढे, ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर घोंगडी टाकून बसायची. इंजिनाची धग लागायची, तरी तिथेच. ड्रायव्हरशी बोलत राहायची. तुझी शेती किती, यंदा सोयाबीन लावणार का, पोरीचं कुठे जमलं का. त्याच्या हातावर सुपारी ठेवायची. आम्हाला वाटायचं, म्हातारी बोलघेवडी आहे. गाडी मुक्कामाला थांबली की मोजदाद करायची, तेवीस भरले की पाठ टेकायची, आणि फटफटायच्या आत पुन्हा उठायची, कारण बायकांना अंधार आहे तोवर बाहेर जाऊन यावं लागायचं आणि कुणीतरी राखणीला उभं राहावं लागायचं. मी मध्येच जागी झाले की म्हणायची, "नीज तू. म्या हाय जागी."

त्या प्रवासाचा अल्बम आमच्याकडे आहे. घाट, देवळं, नावेत बसलेले काका. सगळे फोटो दिवसाचे. आजी एकाच फोटोत आहे, मागच्या रांगेत, डोळे किलकिले करून. म्हणजे आम्हीही तेच केलं जे हे व्हिडिओवाले करतात. रात्र कापून टाकली आणि रात्रीबरोबर आजीसुद्धा कापली गेली.

स्टीव्ह नावाची बस

मोठं कुटुंब आणि घर केलेली बस यांच्यावरचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला सिनेमा म्हणजे 'कॅप्टन फँटॅस्टिक'. २०१६ चा, मॅट रॉस दिग्दर्शक. बेन नावाचा बाप (व्हिगो मॉर्टेन्सन) आपल्या सहा पोरांना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या जंगलात वाढवतो. शाळा नाही, बाजार नाही. पोरं शिकार करतात, कडे चढतात आणि रात्री शेकोटीपाशी जाडजूड पुस्तकं वाचतात. मग बातमी येते, की इस्पितळात असलेल्या त्यांच्या आईने आत्महत्या केली. तिला दहन हवं होतं, तिच्या वडिलांना दफन करायचंय, आणि त्यांनी जावयाला बजावलंय की इकडे फिरकू नकोस. बेन पोरांना बसमध्ये घालतो आणि न्यू मेक्सिकोकडे निघतो. बसचं नाव स्टीव्ह.

सिनेमा बघताना मी दोन ठिकाणी खूप हसले. एका ठिकाणी पोलीस बस अडवतो आणि आत चढतो. एवढी पोरं शाळेच्या वेळेत बसमध्ये कशी, असा त्याला संशय. क्षणात सगळी पोरं कमालीची धार्मिक होतात, त्याच्याभोवती गोळा होऊन भक्तिगीत म्हणायला लागतात. पोलीस कानकोंडा होऊन उतरून जातो. दुसऱ्या ठिकाणी बाप सुपरमार्केटमध्ये हृदयविकाराचा झटका आल्याचं सोंग करतो, आणि गोंधळात पोरं सामान उचलून बाहेर पडतात. घरात या खेळाला नावसुद्धा आहे. पकडलं कुणीच जात नाही.

दुसऱ्यांदा बघताना हसू आलं नाही, कारण मध्यंतरी मी 'उचल्या' वाचलं होतं.

लक्ष्मण गायकवाड यांचं हे आत्मकथन १९८७ चं, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला 'उचलणारे' हेच नाव पडलं, त्या घरात जन्मलेल्या मुलाची ही हकिकत. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात माणसांची वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा कायदा गेला. त्या समाजांना स्वतःचा स्वातंत्र्यदिन वेगळा मोजावा लागतो. तो विमुक्त दिन. कायदा गेला तरी शिक्का गेला नाही, आणि 'उचल्या'त तो शिक्का पानोपानी आहे. पोलीस घरात येतो तेव्हा तिथे कुणाला गाणं सुचत नाही.

आता दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मोठं कुटुंब, दोन्हीकडे पोरांना शिकवलेली हातचलाखी, दोन्हीकडे दारात आलेला पोलीस. बेनच्या घरात चोरी हा प्रचलित व्यवस्थेला मारलेला टोला ठरतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. दुसरीकडे तीच गोष्ट जन्माची ओळख होते, आणि चोरी न करणाऱ्या पोरालाही तीच ओळख चिकटते. बेनकडे नेमकं काय आहे, जे त्यांच्याकडे नाही? बसचं मॉडेल नव्हे. ज्यांच्याकडे पोरं सोडून जाता येतील असं मोठं घर असलेला सासरा त्याच्याकडे आहे, आणि पोलिसाने बघताच 'यांच्यावर संशय कशाला' म्हणावं असा चेहरा आहे. या दोन गोष्टींच्या भरवशावर त्याची पोरं बसमध्ये ढाराढूर झोपतात.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी) घर चाकांवरसुद्धा नाही, गाढवांच्या पाठीवर आहे. कैकाडी कुटुंब टोपल्या विणत या गावाहून त्या गावाला जातं आणि गावाबाहेर उतरतं. मराठीत या चालत्या घराला जुना शब्द आहे, बिऱ्हाड. अशोक पवार यांनी बेलदार समाजातल्या आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिलंय, बोलीतलं रूप ठेवून, 'बिराड'. शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला आपण बिऱ्हाडकरू म्हणतो, तेव्हा तो शब्द किती चालून आलाय हे आपल्याला आठवत नाही. ही पुस्तकं वाचताना मी माझा प्रश्न विचारला आणि उत्तर सोपं निघालं. यांत जवळपास कुणीच निवांत झोपत नाही. गावचा पाटील उठवेल, पोलीस उठवेल, पाऊस उठवेल.

मग 'कॅप्टन फँटॅस्टिक' खोटा सिनेमा आहे का? नाही. त्याने कैकाड्यांची गोष्ट सांगितली नाही, हा त्याचा दोष नव्हे. उलट तो स्वतःच्या नायकाला सोडत नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो. आजोळी अडकलेल्या भावाला आणायला गेलेली मुलगी छपरावरून पडते, मरता मरता वाचते. तेव्हा बेनला कळतं, की आपण पोरांना शूर केलं, पण त्यांची राखण केली नाही. पोरांना आजोबांकडे सोडून तो एकटाच बस घेऊन निघतो. सगळ्या वाटेत बेनच जागा असतो हे खरं, पण तो जागा असतो ते स्वतःच्या विचारांसाठी. पोरांसाठी जागं राहणं म्हणजे काय, हे त्याला त्या छपराखाली कळतं.

शेवट तर नीट बघण्यासारखा आहे. कुटुंब एका शेतातल्या घरात राहायला आलंय आणि स्टीव्हची कोंबड्यांची खुराडी झालीय. पोरं न्याहारी करतायत आणि शाळेच्या बसची वाट बघतायत. ज्या बसमधून शाळेपासून पळाले ती उभी राहिली, आणि शाळेत नेणारी बस येतेय. काही समीक्षकांना ही शरणागती वाटू शकेल. मला ती दमलेल्या माणसाला मिळालेली पहिली रात्रीची झोप वाटली.

याच प्रश्नावर 'नोमॅडलँड' (२०२०, दिग्दर्शक क्लोई झाओ) आणखी पुढे जातो. त्यात कुटुंब नाही, कारखाना बंद पडून सगळं गावच उठल्यावर व्हॅनमध्ये राहणारी एकटी बाई आहे. तिच्या व्हॅनच्या काचेवर रात्री कुणीतरी धाडधाड वाजवतं, की इथे मुक्काम करता येणार नाही. ती दचकून उठते, तशी मीही दचकले होते. आपल्याकडच्या पालावरच्या माणसाला तो आवाज सांगावा लागणार नाही.

आपल्या पडद्यावरची गाडी

आपल्याकडच्या सिनेमात गाडीतलं घर येतं तेव्हा त्यात कुटुंब नसतं, बहुतेक एकटा पुरुष असतो. 'स्वदेस'मधला (२००४) मोहन भार्गव अमेरिकेतून येतो आणि झकास कॅरव्हॅन घेऊन गावात शिरतो. गाव तिच्याभोवती गोळा होतं. ती गाडी म्हणजे त्याने बरोबर आणलेली अमेरिका, तिचं दार लावून त्याला आत झोपता येतं. आशुतोष गोवारीकरने एक गोष्ट अचूक केली. मोहनला जे बदलून टाकतं, ते कॅरव्हॅनमध्ये घडत नाही. ती मागे ठेवून तो बोटीतून, रेल्वेतून जातो, फलाटावर पाणी विकणारं पोरगं बघतो, तेव्हा घडतं. आरामाच्या गाडीतून फक्त देखावा दिसतो, हे दिग्दर्शकाला ठाऊक होतं.

मराठीत सचिन कुंडलकरचा 'हॅपी जर्नी' (२०१४) आहे. घरापासून तुटलेला भाऊ (अतुल कुलकर्णी) आणि व्हॅनमध्ये त्याला भेटणारी, आता या जगात नसलेली बहीण (प्रिया बापट). कल्पना गोड आहे, आणि व्हॅन इतकी देखणी की बघताक्षणी निघावंसं वाटतं. पण माझ्या प्रश्नापुढे सिनेमा थोडा उघडा पडतो. घर सोडून गेलेल्या भावाला बहिणीशी बोलायला सवड मिळते ती ती गेल्यावर, आणि आता ती भूक, झोप, भीती यांच्या पलीकडे गेलेली. जिवंत बहिणीला व्हॅनमध्ये रात्र काढायची असती, तर दाराच्या कडीपासून पहाटेच्या विधीपर्यंत कितीतरी प्रश्न उभे राहिले असते. भूताला ते पडत नाहीत. मृत बहीण ही सगळ्यात कमी अडचणीची सहप्रवासी आहे. सिनेमाचा हळवेपणा मला भावला, पण त्या हळवेपणाची ही किंमतही दिसली.

मोठं कुटुंब एकत्र प्रवास करतंय आणि गाडीच घर झालीय, असा मराठी सिनेमा चटकन आठवत नाही. बस मात्र भरपूर आहे. 'नवरा माझा नवसाचा' (२००४) आख्खा बसमध्ये घडतो, पु. लं.ची 'म्हैस' रत्नागिरी-मुंबई एसटीत. आपल्याकडे बस म्हणजे चावडी. अनोळखी माणसं काही तास एकमेकांच्या शिदोरीत हात घालतात, भांडतात आणि उतरून जातात. याची मजा आपण फार चांगली लिहिली. पण चावडी रात्री उठते. तिला जागरणाची गरज नसते.

असं का झालं असावं? माझा अंदाज असा. आपल्याकडे गाडीत बिऱ्हाड करणं हे स्वप्न नव्हतंच, ते आजूबाजूला रोज दिसत होतं. दसऱ्यानंतर निघणाऱ्या तमाशाच्या गाड्या, ज्यांत कलावंतांची पोरंबाळं वाढली. बैलगाडी-ट्रॅक्टरवर चूल-भांडी बांधून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं. आमच्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते, तेव्हा टेम्पो-ट्रकमधून आलेली घरंच्या घरं दिवसचे दिवस तिथे मुक्काम करतात. जे गरजेपोटी दिसतं, त्याची मजा कुणाला वाटणार? आणि ज्यांना ते जगावं लागलं, त्यांनी त्याच्यावर आत्मकथनं लिहिली. सुटीचे सिनेमे काढणारे दुसरे होते.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरची खोली, ती उभी करायला खास जागा, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह. चांगलीच गोष्ट आहे. फक्त मला वाटतं, रात्री गाडी उभी करून झोपणाऱ्याला पाणी, उजेड आणि संडास लागतो, हे आपल्याला कळत होतंच. पालं ठोकणाऱ्यांनी ते कितीतरी आधी मागितलं होतं.

दोन रात्री

इथे मला मोबाईलबद्दल बोलायला हवं, कारण तुम्ही हे त्याच्यावरच वाचताय.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं गावात शिरली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत फोनाफोनी पसरत होते. जमावाने त्या पाच जणांना मारून टाकलं. भर दिवसा, बाजाराच्या दिवशी, ग्रामपंचायतीच्या खोलीत.

आपल्या हातातला फोन हा असा दोन तोंडांचा आहे. एक फिरतं कुटुंब तो 'किती मोकळे' म्हणून दाखवतो, दुसरं 'कोण आहेत हे' म्हणून. गोऱ्या कुटुंबाची बस गावाबाहेर थांबली तर आपण सेल्फीला धावू. डवऱ्यांचं पाल पडलं तर आधारकार्ड मागू. बसचे व्हिडिओ बघू नका, असं मी म्हणत नाही. मीही बघतेच. पण ते बघून मन मोकळं झाल्यासारखं वाटलं, तर पुढचा मेसेज फॉरवर्ड करताना ते मोकळेपण कुठे जातं, हे स्वतःला विचारावं.

दुसरी रात्र आमच्या गावाजवळची. १ जुलै २०२३, समृद्धी महामार्ग, सिंदखेडराजाजवळचं पिंपळखुटा शिवार. रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. पंचवीस माणसं गेली. बरीचशी झोपेतली.

विदर्भातल्या पोरांसाठी खरी घर केलेली बस कुठली, तर ही. सीट काढून पलंग बसवलेली, पडदे लावलेली, चार्जिंगची सोय असलेली. शिकायला पुण्याला, नोकरीला पुण्याला, सणाला गावी. आठवड्याच्या शेवटी आमचं आख्खं कुटुंब या बसमध्ये वाटलेलं असतं. मी या बसने, मामेभाऊ त्या बसने. आम्ही रांगेने झोपतो, एकमेकांना ओळखत नाही, आणि पुढे अंधारात एकच माणूस जागा असतो. त्याच्याशी बोलायला बॉनेटवर कुणी बसलेलं नसतं. त्या अपघातानंतर आमच्या भागात कितीतरी घरांत, पोरगी बसमध्ये बसली की आई रात्रभर फोन उशाशी घेऊन पडते. आमच्या घरातही. म्हणजे पहारा संपला नाही, तो बसमधून उठून घरी गेला.

आणि बाईमाणूस म्हणून आणखी एक. वरच्या बर्थवर मी आडवी असते, झोपलेली नसते. पडद्याची कड उशीखाली दाबलेली असते. त्या तासांत मी ते व्हिडिओ का बघत असते, हे आता मला कळतं. त्यांत सगळेच झोपू शकतात. मला हेवा वाटतो तो त्यांच्या प्रवासाचा नाही, त्या झोपेचा.

मला हवी असलेली गोष्ट

उद्या कुणी मराठीत मोठ्या कुटुंबाच्या बसप्रवासावर सिनेमा केला, कादंबरी लिहिली, तर मी वाट बघतेय. गाणी असू द्या, घाट असू द्या, भांडणं तर हवीतच. पण एक रात्र पूर्ण दाखवा, दहापासून पाचपर्यंत. ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी मारणारं कोण, पोरं मोजणारं कोण, बायकांसाठी अंधारात उभं राहणारं कोण, आणि बाहेरून कुणी काच वाजवली तर पुढे होऊन बोलणारं कोण. आणि ते बोलल्यावर बाहेरचा माणूस निघून जातो, की बिऱ्हाड उचलायला लावतो. एवढं दाखवलं, तरी ते कुटुंब कुठल्या जातीचं, कुठल्या ऐपतीचं आणि कुणाच्या भरवशावर निघालंय, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आमची बस काशीहून परत आली ती संध्याकाळी. मारुतीच्या पारापाशी उतरलो, गाव गोळा झालं, गंगेचं पाणी वाटून झालं. आजीने सामान उतरवून घेतलं, तेवीस माणसं एकदा मोजली आणि घरात जाऊन ओसरीवर आडवी झाली. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तरी उठेना. आई घाबरली, बरं नाही की काय म्हणून कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. ती फक्त झोपली होती.